पुरावा क्रमांक ६.५.२ : कासव

कार्यक्रमाचे नाव : कादंबरी वाचणे
उद्दिष्टे : नव्हती
कालावधी : चौदा दिवस
लाभार्थी : एक
छायाचित्रे : जोडलेली नाहीत

अकरा वर्षं कॉलेजात नोकरी केली की माणसाला अहवालाशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही. परवा किराणा मालाच्या यादीला मी प्रस्तावना लिहिली. तेव्हा हाही अहवालच समजावा.

मी हितेंद्र घाडीगावकर. परळच्या एका कॉलेजात इंग्रजी विभागाच्या फाइली भरतो. वेळ उरला तर इंग्रजी शिकवतो. राहायला चिंचपोकळीला, आई आणि बायकोसोबत. पीएचडी झालेली आहे. ती झाल्यापासून मी एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नव्हतं, आणि विभागात कोणालाही ते खटकलं नव्हतं. विभागात मी एकटाच आहे.

[एक रेघ]

ही रेघ काय ते सांगायला हवं.

रेघा व्हायोला टीचरच्या. आठवीत त्या आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. गिरणीवाल्यांची आम्ही पन्नास पोरं, आणि समोर फुलाफुलांच्या फ्रॉकमधल्या टीचर, हातात कुठलंतरी गमतीचं इंग्रजी पुस्तक. वाचता वाचता त्यांना हसू यायचं. आम्हाला अक्षर कळायचं नाही, पण एवढी मोठी बाई पुस्तक धरून डोळे पुसतेय हे बघून आम्हीही हसायचो. इंग्रजी हा हसण्याचा विषय आहे असा माझा तेव्हाच समज झाला. त्या गैरसमजावर मी एमए केलं.

टीचर गेल्या वर्षी गेल्या. त्यांचे मिस्टर ऑस्वाल्ड अंकल गिरगावात राहतात, लाकडी जिन्याच्या जुन्या घरात, वरच्या मजल्यावर. उभी हयात रे रोडच्या लाकडाच्या वखारीत गेलेली. आठ तारखेला, रविवारी, त्यांनी मला बोलावून घेतलं.

“हितू, तिच्या वर्षाची मिस्सा बावीसला, चर्चमध्ये. नंतर सगळे घरी येणार. आमची लॉरा येईल माहीमहून, जावयाला घेऊन. भाषण नको म्हणून सांगून गेलीय बाई. म्हणाली, कोणी माझे गुण सांगायला लागलं तर मी उठून बसेन.”

“मग काय करायचं?”

“हे वाचायचं. पान एकशे त्रेचाळीस.”

त्यांनी पुस्तक पुढे केलं. इंग्लंडात छापलेलं, दोनशे एकतीस पानांचं. कव्हर कधीच गेलेलं, त्यासोबत नाव आणि लेखकही गेलेला. टीचर त्याला नुसतं ‘कासव’ म्हणायच्या. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. नुसतं गालात हसू आलं की एक रेघ. आवाज फुटला की दोन रेघा. पुस्तक खाली ठेवावं लागलं तर वर्तुळ. दर दहा-बारा वर्षांनी त्यांनी ते नव्याने वाचलेलं. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर एकाच ओळीला तीन वर्तुळं होती, तीन वेगवेगळ्या पेन्सिलींची.

“अंकल, तुम्हीच वाचा ना.”

“माझा घसा बसतो रे दोन ओळींत. तू प्रोफेसर. तुला कशाने काही होत नाही.”

“असिस्टंट प्रोफेसर.”

“तेच. प्रॅक्टिस कर. आणि हरवू नकोस. पुस्तक दुसरं मिळेल, तिच्या रेघा मिळणार नाहीत.”

[एक रेघ. हीही माझीच. टीचरनी ती पुसली असती.]

आता कादंबरी.

नायक डॉ. ह्यूबर्ट स्प्रॅग. इंग्लंडातल्या अशा एका विद्यापीठात शिकवतो, जिथे रेल्वे थांबत नाही, नुसती हळू होते. त्याचा विषय शेताच्या फाटकांचा इतिहास. पहिला खंड, ‘फाटके’, येऊन गेला आहे आणि हे स्प्रॅग सोडून सर्वजण विसरले आहेत. सध्या दुसरा खंड चालू आहे, ‘बिजागऱ्या’. एका बिजागरीच्या सनावळीवरून एका खेड्यातल्या पाद्र्याशी त्याचं सोळा वर्षं पत्रातून भांडण चाललं आहे, आणि आयुष्यात त्याला जवळचं असं तेवढंच माणूस आहे.

तर कुलगुरू सुट्टीला इटलीला निघतात. त्यांचं एक कासव असतं, नाव ‘बिशप’. ते कोणी सांभाळायचं यावर रीतसर बैठक होते. प्रत्येकाकडे तयार सबब असते. स्प्रॅगला सबब सुचेपर्यंत बैठक संपते. तिसऱ्या दिवशी कासव हरवतं. कासव हरवू कसं शकतं, या प्रश्नाला लेखकाने एक अख्खं प्रकरण दिलंय आणि ते सार्थकी लागलंय. स्प्रॅग सायकलने दोन गावं पलीकडे जातो, तसंच दुसरं कासव आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळशाच्या पेटीतून पहिलं बाहेर येतं. आता दोन. ओळखता यावं म्हणून तो एकाच्या पाठीवर लायब्ररीची चिठ्ठी डकवतो : ‘केवळ संदर्भासाठी. घरी नेण्यास मनाई.’ आणि संध्याकाळी त्याच्या लक्षात येतं की चिठ्ठी खऱ्याला लावली की नव्याला, हे आपल्याला आठवत नाही.

तिथे दोन रेघा होत्या. मी आवाज करून हसलो. आतल्या खोलीतून आई म्हणाली, “काय रे, एकटोच कित्याक हसतंस?”

“पुस्तक वाचतोय.”

“परीक्षा आसा काय तुझी?”

इंग्रजी विनोदाची मजा अशी की त्यात कोणी ओरडत नाही. स्प्रॅगचा अपमान करायचा असला की विभागप्रमुख त्याला विचारतात, “आणखी एक बिस्किट घेणार?” आणि बाकीचे तिघं खिडकीबाहेर बघू लागतात. झालं. आमच्याकडे अपमान व्हॉट्सॅप ग्रुपवर होतो आणि खाली अठ्ठावीस जण अंगठा देतात.

साठाव्या पानापर्यंत मी स्प्रॅगला हसत होतो. एकसष्टाव्या पानावर तो बढतीचा अर्ज भरतो. ‘आपल्या संशोधनाचा समाजास झालेला उपयोग’ या रकान्यापुढे तो अर्धा तास बसतो आणि लिहितो : ‘अपाय झाल्याचे ऐकिवात नाही.’ नेमका हाच रकाना आदल्या आठवड्यात मीही भरला होता. मी चार पानं लिहिली होती.

समासात टीचरच्या दोन रेघा. आपलीही एक मारावी म्हणून मी पेन्सिल शोधली, मग हात आवरला. दुसऱ्याच्या मजकुरावर आपली खूण करायची सवय आमच्या क्षेत्रात आधीच फार आहे.

अर्जाचं सांगतो. बढतीची मुलाखत चोवीस तारखेला, मंगळवारी. सोबत आणायचं : पीएचडीच्या प्रबंधाची मूळ प्रत, मार्गदर्शकांच्या स्वाक्षरीसह. झेरॉक्स चालणार नाही. मार्गदर्शक वारले आहेत आणि विद्यापीठाच्या लायब्ररीतल्या प्रतीचा शोध चालू आहे, त्यामुळे अशी प्रत जगात एकच, माझ्या कपाटात. विषय, ‘वसाहतकालीन इंग्रजी प्रवासवर्णनांतील छत्री’. काळी रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरं, पानं दोनशे अठ्ठेचाळीस. मी मनात स्प्रॅगची माफी मागितली. बिजागरी निदान उपयोगाची वस्तू आहे.

कार्यक्रमाचे स्थळ : येथे अडचण आली.

घरी वाचायला बसलं की परीक्षेची चौकशी होते. म्हणून मी कॉलेजात वाचायचं ठरवलं. स्टाफरूममध्ये मोबाइल बघितलेला चालतो, डुलकी चालते, सोसायटीच्या लिफ्टवरून भांडण चालतं. पुस्तक उघडलं की मात्र कोणीतरी येतं, “सर, फ्री दिसताय,” म्हणतं आणि एक फॉर्म देऊन जातं. कॉलेजात पुस्तक वाचणारा माणूस म्हणजे काम नसलेला माणूस. फाइल वाचणाऱ्याच्या वाटेला कोणी जात नाही.

त्या आठवड्यात तर फाइलींना पूरच आला होता. दर पाच वर्षांनी बाहेरची मूल्यांकन समिती येते आणि कॉलेजला दर्जा देते. तिची तारीख होती गुरुवार-शुक्रवार, एकोणीस आणि वीस. माझ्याकडे फाइल क्रमांक ६.५.२ होती : ‘गुणवत्तावाढीसाठी विभागाने घेतलेल्या बैठकांचे इतिवृत्त’. विभागात मी एकटा असल्यामुळे बैठका झाल्या नव्हत्या. म्हणजे मी बसलो होतो, पण कोरम नव्हता. फाइल रिकामी होती. पुस्तक तिच्यात मापाने शिवल्यासारखं बसलं. आठवडाभर मी ६.५.२ उघडून बसलो आणि कोणी मला हटकलं नाही. उलट प्राचार्य केळुसकर मॅडम जाता जाता म्हणाल्या, “घाडीगावकर, घरीही थोडा वेळ देत जा.”

[दोन रेघा]

बुधवारी माझ्या हातून चूक झाली. मी तासाला गेलो.

परत आलो तर टेबल मोकळं. सगळ्या फाइली उचलून हॉलमध्ये नेल्या होत्या. धावत गेलो. आमचे हेडक्लार्क जगदीश तावडे दारात मनगट चोळत उभे.

“घाडीगावकर सर! मानलं तुम्हाला. दर वेळी इंग्रजीवाले तीन पानं देतात, त्यातलं एक कोरं. यंदा दोनशे एकतीस! हात भरून आला शिक्के मारता मारता.”

“शिक्के?”

“प्रत्येक पानावर. कॉलेजचा गोल, आणि ‘सत्यप्रत’चा चौकोनी.”

“तावडे, ते पुस्तक आहे!”

“असेना. फाइलमध्ये होतं ना?”

“अहो, इतिवृत्त नाही ते. कादंबरी आहे. कासवाची.”

तावड्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “सर, सव्वीस वर्षं मी बैठकांच्या इतिवृत्तांवर शिक्के मारतोय. त्यातल्या किती बैठका झाल्या होत्या, सांगू?”

त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. तावड्यांचं शास्त्र साधं आहे : फाइलमध्ये असेल तो पुरावा, आणि पुराव्याला शिक्का. मागच्या वेळी एका फाइलमध्ये चुकून कँटीनचं मेनूकार्ड राहिलं होतं. त्यातला मिसळपाव आजही प्रमाणित आहे.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. डॉ. सुभद्रा केळुसकर या वाईट बाई नाहीत. त्यांना फक्त आयुष्यात एकदा ‘अ’ दर्जा हवा आहे, आणि त्या मार्गात माणसं येतात.

“मॅडम, सहा-पाच-दोनमध्ये एक खोटा पुरावा गेलाय. मला तो काढून घ्यायचाय.”

“खोटा म्हणजे?”

“म्हणजे त्यात जे लिहिलंय ते घडलेलंच नाही.”

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. “हितेंद्र, हॉलमध्ये एकशे बारा फाइली आहेत. न घडलेलं काढायला बसलो, तर समितीला टेबलक्लॉथ दाखवावे लागतील. शिवाय अनुक्रमणिका त्यांना मेल झालीय. सहा-पाच-दोन, इंग्रजी, मूळ प्रत, पानं दोनशे एकतीस. पहिल्या आणि शेवटच्या पानावर माझी सही आहे.”

“तुम्ही वाचलंत?”

बाहेर कोणीतरी रांगोळीवरून झाडू फिरवत होतं.

“मंगळवारी तुमची मुलाखत आहे, नाही का?” मॅडम म्हणाल्या आणि बशी माझ्याकडे सरकवली. “बिस्किट घ्या.”

मी खिडकीबाहेर बघितलं.

[दोन रेघा. त्या वेळी एकही सुचली नव्हती.]

गुरुवार. समिती आली. अध्यक्ष उत्तरेकडच्या कुठल्याशा विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक, साठीचे, गळ्यात झेंडूचा हार आणि डोळ्यांत झोप. मॅडमचं सादरीकरण सुरू झालं, चौऱ्याण्णव स्लाइड्स. एकोणिसाव्या स्लाइडला अध्यक्षांनी जागं राहण्यासाठी हाताला लागेल ती फाइल ओढली. ती माझी होती.

मी भिंतीला टेकून उभा होतो. त्यांनी पहिलं पान वाचलं. थांबले. शिक्का बघितला, मॅडमची सही बघितली, पुन्हा पान बघितलं. मग चष्मा पुसला, खुर्ची थोडी वळवून घेतली आणि वाचायला लागले. तिसाव्या स्लाइडला त्यांचे खांदे हलू लागले. मॅडमनी खूण केली, पाणी आलं. बेचाळिसाव्या स्लाइडला त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. मॅडम कॉलेजच्या संस्थापकांच्या निधनाविषयी सांगत होत्या. अध्यक्षांनी रुमाल डोळ्यांना लावला. मॅडम गहिवरल्या.

दुपारी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, इंग्रजीत, “सहा-पाच-दोन कोणी तयार केली?”

मी हात वर केला.

“बैठकांचं इतकं सविस्तर इतिवृत्त मी पाहिलेलं नाही. एक विचारू? कासवाच्या मुद्द्यावर शेवटी काय निर्णय झाला?”

मॅडम घाईघाईने अनुक्रमणिका चाळू लागल्या.

“सर,” मी म्हटलं, “तो विषय पुढच्या बैठकीवर ठेवला आहे.”

“योग्य केलंत,” अध्यक्ष म्हणाले.

मॅडमनी मला दाराआड गाठलं. “कोणतं कासव?”

“जुना प्रश्न आहे, मॅडम. कुलगुरूंच्या पातळीवर प्रलंबित.”

शुक्रवारी निघण्याआधी अध्यक्ष कॉरिडॉरमध्ये एकटे भेटले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “एकशे बाराव्या पानापर्यंत आलो होतो. चिठ्ठी खऱ्यालाच लावलेली ना? नको, सांगू नका. त्या पेन्सिलीच्या रेघा कोणाच्या?”

“माझ्या शिक्षिकेच्या.”

“अचूक आहेत.” ते थोडे घुटमळले. “माझा विषय मध्ययुगीन वजनं-मापं. दुसरा खंड चालू आहे.”

मी धीर केला. “सर, मला ते पुस्तक रविवारी वाचायचंय. त्यांच्याच वर्षाच्या दिवशी. तुम्ही एक शब्द टाकलात तर—”

त्यांचा चेहरा पडला. “अरे! मी तर शेरा लिहिला. ‘सहा-पाच-दोन : मूळ प्रत, अनुकरणीय, विशेष जतन व्हावे.’ शेरा मागे घ्यायचा तर दुसरी समिती लागते.”

मदत करायची इच्छा असलेला तो एकमेव माणूस होता. कुलूप लागलं ते त्याच्याच शेऱ्याने.

विशेष जतन म्हणजे काय, ते तावड्यांनी शनिवारी सकाळी समजावलं. फाइली लोखंडी कपाटात, कपाटाला लाखेचं सील, उघडणार पुढची समिती आली की. म्हणजे पाच वर्षांनी. सील दुपारी एकला.

“तावडे, उद्या एका म्हाताऱ्या माणसासमोर मला त्यातलं एक पान वाचायचंय.”

“फोटो काढा मोबाइलवर. मी बघत नाही.”

फोटो काढला असता तर पान मिळालं असतं. अंकलना मी काय देणार होतो, वॉलपेपर? मी टीचरबद्दल सांगितलं. पन्नास पोरं, फ्रॉक, रेघा. तावडे बराच वेळ शिक्क्याच्या पॅडवर बोट घासत राहिले.

“सर, मी आत काय आहे ते बघत नाही. ते माझं काम नाही. खरं म्हणजे ते कोणाचंच काम नाही. मी पानं मोजतो. अनुक्रमणिकेत काय म्हटलंय? इंग्रजी, मूळ प्रत, दोनशे एकतीस पानं. तेवढं कपाटात गेलं की माझं समाधान.”

“विद्यार्थ्यांचे प्रकल्प चालतील?”

“ते पाच-तीन-एकमध्ये गेले. झेरॉक्स नको, मूळ प्रत पाहिजे. बांधणीची असेल तर फारच चांगलं. एकच्या आत.”

स्प्रॅगने काय केलं असतं? सायकल काढली असती आणि दुसरं कासव आणलं असतं.

घड्याळात साडेदहा. मी चालत घरी निघालो. लालबागचा मसाला नाकात गेला आणि शिंकता शिंकता मला कळून चुकलं की माझ्याजवळ कासव आहे.

कपाट उघडून प्रबंध काढला तेव्हा मनवा, माझी बायको, दारात उभी होती. तिला सगळं सांगायला तीन मिनिटं पुरली. सादरीकरण नव्हतं ना.

“आणि मंगळवार?”

“पुढल्या वेळी.”

“पुढल्या वेळी म्हणजे?”

“कपाट पाच वर्षांनी उघडतं.”

चार वर्षं ती ‘यंदा होईल’ असं माहेरी सांगत आली आहे. प्रबंध दोनशे अठ्ठेचाळीस पानांचा. सतरा जास्त होती. मी ब्लेड घेतलं. ऋणनिर्देशाची तीन पानं काढली. मग शेवटचं प्रकरण, ‘निष्कर्ष’, बरोबर चौदा पानं.

“काढण्याआधी वाच तरी,” मनवा म्हणाली. “बघ काय निष्कर्ष निघाला होता.”

मी शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. त्यात लिहिलं होतं की या विषयावर अधिक संशोधनाची आवश्यकता आहे.

आधी ती हसली. मग मी. पोटात कळ येईपर्यंत. आई बाहेर येऊन म्हणाली, “दोघांकव परीक्षा आसा?”

[वर्तुळ]

“जा,” मनवा डोळे पुसत म्हणाली. “एक वाजेल.”

बाराच्या सुमारास तावड्यांनी पानं मोजली. दोनशे एकतीस. मार्गदर्शकांची सही असलेलं पान त्यांनी क्षणभर हातात धरलं. “हे नक्की?” मी मान हलवली. त्यांनी शिक्का मारला. मग पुढचं पान, मग पुढचं. निम्म्यावर त्यांचं मनगट दुखायला लागलं, तेव्हा उरलेले मी मारले. माझ्या छत्र्यांवर मीच ‘सत्यप्रत’ उमटवत गेलो. निष्कर्ष नसतानाही प्रबंधाचा ओघ कुठेच तुटत नव्हता.

लाख वितळली, सील लागलं. तावड्यांनी पुस्तक एका जुन्या कॅलेंडरात गुंडाळून दिलं.

रविवारी मी मिस्सेनंतर सर्वांच्या आधी गिरगावात पोचलो. अंकलसमोर पुस्तक उघडलं. प्रत्येक पानावर जांभळा गोल आणि चौकोन, कुठे समासात, कुठे टीचरच्या रेघांवर.

“हे काय?”

“सॉरी, अंकल. कॉलेजचा शिक्का बसला. सगळ्या पानांवर.” मी कसा बसला ते सांगितलं. प्रबंधाचं गाळलं.

त्यांनी चष्मा लावून एकशे त्रेचाळिसावं पान शोधलं. तीन वर्तुळांवर शिक्का आडवा पडला होता.

“काय लिहिलंय?”

“सत्यप्रत.”

अंकलनी त्यावरून अंगठा फिरवला. “वखारीत प्रत्येक ओंडक्यावर शिक्का असायचा. शिक्का नाही म्हणजे चोरीचं लाकूड.” पुस्तक माझ्या हातात दिलं. “आता हे कोणी नेणार नाही. वाच.”

एकोणीस माणसं जमली. सगळी चर्चमधून आलेली, तशीच ताठ. मी सुरू केलं. पदवीदान समारंभ. कुलगुरूंचं भाषण. मंचाखालून बिशप हळूहळू बाहेर येतो. इथे वसईहून आलेल्या एका मावशींनी छातीवर क्रूस काढला. कोणी हसेना. मी प्रोफेसरी आवाजात वाचत राहिलो. महापौरबाईंची टोपी खुर्चीखाली ठेवलेली, तिच्यावर खऱ्या पालेभाजीसारखी दिसणारी हिरवी झालर. बिशप तिकडे निघतो. सभागृहातले चारशे लोक मान न वळवता त्याच्याकडे बघतात, कारण भाषण चालू आहे आणि ते इंग्रज आहेत. कुलगुरू वाकून पाठीवरची चिठ्ठी वाचतात. माइक चालू असतो.

तीन वर्तुळांची ओळ ती हीच. मी तोंड उघडलं आणि माझ्यासमोर गळ्यात झेंडू घातलेले अध्यक्ष आले, रुमाल डोळ्यांना लावलेले. मला कशानेच काही होत नाही, अशी माझी ख्याती. मी पुस्तक खाली ठेवलं. आवाज फुटेना, खांदे मात्र हलत होते.

माझ्या मागून, खुर्चीतून, अंकलनी ती ओळ म्हटली. पुस्तकात न बघता, कुलगुरूंच्या जड आवाजात, “केवळ संदर्भासाठी. घरी नेण्यास मनाई.” घसा बसला नाही. आधी लॉरा हसली, मग मागची रांग, मग सगळ्यांच्या नंतर, काय चाललंय ते न कळताच, वसईच्या मावशी.

उपस्थिती : एकोणीस (स्वाक्षऱ्या घेतलेल्या नाहीत)

फलनिष्पत्ती : पान १४३ वर, शिक्क्याच्या बाजूला, चौथं वर्तुळ. पेन्सिल ऑस्वाल्ड अंकलनी दिली.

पाठपुरावा : मंगळवारी मुलाखतीत प्रबंधाची मूळ प्रत मागण्यात आली. “पुराव्यात जमा आहे,” असं मी सांगितलं. मॅडमनी अनुक्रमणिका बघितली, मला बघितलं, कपाटाचं सील बघितलं. शेजारचे दोघं खिडकीबाहेर बघू लागले. मॅडमनी बशी सरकवली.

मी दोन घेतली.